अरण्य कोणी कोणाला दिले : एका लघुप्रबंधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तौलनिक साहित्याच्या अभ्यासाचा भाग म्हणून एक लघुप्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी परभाषेतील कृती मुळातून वाचून तिच्यातील आवश्यक उतारे स्वतः मराठीत आणावेत, अशी माझी अट असते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका लघुप्रबंधाचे आहे. तो लिहिणाऱ्या विद्यार्थिनीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. ती धडगावकडच्या पावरा या आदिवासी जमातीतल्या कुटुंबातली, घरी पावरी बोलणारी आणि तिच्या वडिलांचा वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला, एवढे मात्र सांगणे भाग आहे, कारण पुढे तोच विषयाचा भाग झाला.

तिने निवडलेली कृती म्हणजे टॉल्किन यांची १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत महाकथा. वसतिगृहात मोबाइलवर चित्रपट पाहून ती पुस्तकाकडे वळली होती. अशा निवडीला विभागात फारसा विरोध होत नाही, पण आदरही मिळत नाही. ‘फँटसी आहे, लवकर उरकेल’ असा एक सूर असतो. खरे सांगायचे तर सुरुवातीला माझाही सूर याहून फार वेगळा नव्हता.

पहिला मसुदा

पहिला मसुदा साठ-पासष्ट पानांचा होता आणि त्यातली चूक निम्मी माझी होती. लघुप्रबंधाचा आराखडा मीच फळ्यावर लिहून दिला होता : लेखकाचा परिचय, सिद्धांताची ओळख, सिद्धांताचे उपयोजन, निष्कर्ष. तिने तो प्रामाणिकपणे पाळला. तीन सिद्धांत घेतले, प्रत्येकाला एक प्रकरण दिले आणि प्रत्येक प्रकरणाच्या मध्यावर ‘वरील सिद्धांत प्रस्तुत कृतीला पुढीलप्रमाणे लागू होतो’ हे एकच वाक्य तीनदा लिहिले. तिन्ही ठिकाणी मी लाल शाईने बरोबरची खूण केली होती, हे नंतर चाळताना दिसले तेव्हा ओशाळल्यासारखे झाले.

पहिले प्रकरण व्लादिमीर प्रॉप यांच्या १९२८ च्या लोककथा-रूपविचारावर होते. रशियन अद्भुतकथांच्या अभ्यासातून प्रॉप यांनी एकतीस कार्ये आणि सात भूमिका निश्चित केल्या. त्यांचे कोष्टक करून तिने कथेतील पात्रे त्या चौकटींत बसवली होती. कोष्टक नीटनेटके होते, मात्र जिथे कथा चौकटीबाहेर जाते तिथे तिने कथाच वाकवली होती. प्रॉप यांच्या मांडणीत नायक काहीतरी मिळवण्यासाठी घराबाहेर पडतो. इथे अंगठी वाहून नेणारा फ्रोडो हातात असलेली ती वस्तू नष्ट करण्यासाठी निघतो, शेवटच्या क्षणी ती टाकायला नकार देतो, आणि तिचा नाश दुसऱ्याच्याच हातून होतो. एकतिसावे कार्य विवाह आणि राज्यारोहण. ते अ‍ॅरागॉर्नच्या, म्हणजे कथेतल्या राजगादीच्या वारसाच्या, वाट्याला येते. ज्याने वाट तुडवली तो फ्रोडो ना लग्न करतो ना राज्य, तो जखमा घेऊन जहाजात बसून निघून जातो. खरे तर या फाटाफुटीवरच प्रकरण उभे राहिले असते. तिने मात्र दोघांना मिळून ‘नायक’ असे एका रकान्यात टाकले होते. त्याच कोष्टकात अगदी तळाशी ‘घान-बुरी-घान : सहाय्यक’ अशी एक ओळ होती. तिच्याकडे तेव्हा आम्हा दोघांचेही लक्ष गेले नाही.

दुसरे प्रकरण नॉर्थ्रॉप फ्राय यांच्या १९५७ च्या मांडणीवर होते आणि ते ठाकठीक होते, इतकेच म्हणता येईल.

तिसरे प्रकरण एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या प्राच्यवादाच्या, म्हणजे पूर्वेकडच्या माणसांना परके आणि कमी लेखणाऱ्या पाश्चात्त्य दृष्टीच्या, चिकित्सेवर आधारलेले होते. या कथेच्या नकाशात शत्रूच्या बाजूने येणारी माणसे पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात. ती सावळी आहेत, त्यांच्यासोबत हत्ती आहेत, त्यांना क्वचितच नाव आहे आणि संवाद जवळजवळ नाहीत. हे सगळे तिने पृष्ठांकांसह दाखवले होते आणि ते खरेच आहे. निष्कर्ष होता : ‘लेखकाची दृष्टी प्राच्यवादी आहे.’ त्या प्रकरणाखाली मी लिहिले की हे विधान बरोबर आहे, पण पुस्तक न उघडताही ते लिहिता आले असते. माझा मुद्दा असा होता की त्याच कथेत सॅम नावाचा माळी, डोळ्यांदेखत मरून पडलेल्या दक्षिणेकडच्या सैनिकाकडे पाहतो आणि त्याचे नाव काय असेल, तो खरोखर मनाने दुष्ट होता का, की कोणाच्या खोट्या बोलण्याने किंवा धाकाने त्याला घरापासून इतक्या दूर आणले, असा विचार करतो. हा परिच्छेद तिच्या प्रकरणात नव्हता. कथा जिथे स्वतःच्याच मांडणीला अडखळते, नेमकी तीच जागा सिद्धांताच्या हातून निसटली होती. घाऊक माप घेऊन बाजारात बसलेला माणूस सुट्या मालाकडे पाहत नाही, तसे झाले होते.

मसुदा मी परत केला. सिद्धांत बाजूला ठेव, तुला जे प्रकरण सर्वांत कमी आवडले ते घेऊन ये, आपण ते वर्गात ओळीने वाचू, असे सांगितले. तिने तिसऱ्या खंडातले, रोहनच्या घोडेस्वारांच्या कूचाचे प्रकरण आणले.

वर्गातले वाचन

प्रसंग असा आहे. गॉन्डॉरच्या राजधानीला वेढा पडला आहे आणि रोहनचा राजा थेऑडन घोडदळ घेऊन मदतीला निघाला आहे. पुढचा रस्ता शत्रूने अडवला आहे. मुक्कामाच्या रात्री झाडीतून ढोल ऐकू येतात. रानात राहणारी माणसे दुरून एकमेकांशी बोलत आहेत, असे एक सरदार सांगतो. ती फार जुन्या काळची उरलीसुरली माणसे, विषारी बाणांनी शिकार करणारी, असेही सांगतो. मग त्यांचा मुखिया, घान-बुरी-घान, राजासमोर येऊन बसतो. त्याचे वर्णन ठेंगू, दगडासारखा खडबडीत, हनुवटीवर शेवाळासारखी विरळ दाढी, कमरेला फक्त गवत, असे केलेले आहे. परकी भाषा तो तुटक बोलतो. गॉन्डॉरच्या लोकांनी पूर्वी गाड्या नेण्यासाठी डोंगरातून एक रस्ता काढला होता आणि ते तो विसरून गेले. रानातली माणसे विसरली नाहीत. त्या रस्त्याने तो घोडदळाला शत्रूला चुकवून पुढे नेतो. मराठीत अशा माणसाला वाटाड्या म्हणतात, आणि हा शब्द वर्गात आला तेव्हा प्रॉपचा ‘सहाय्यक’ आपोआप फिका पडला.

मुखियाचे संवाद मराठीत कसे आणायचे, हा प्रश्न पहिल्याच तासाला आला. शिरपूरकडच्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून ते अहिराणीत केले. ‘मी बठ्ठं मोजस,’ हे वाक्य त्याने मोठ्याने वाचले आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी अहिराणीच बोलली जाते. हसू ओसरल्यावर एक अवघड शांतता पसरली, कारण रानटी माणसाच्या तोंडी घालायला आपल्याला आपल्याच आईची भाषा सुचली, हे एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आले होते. त्या क्षणी विद्यार्थिनी जे म्हणाली ते मी तसेच टिपून ठेवले आहे : “सर, तो तुटक बोलतो कारण तो दुसऱ्याच्या भाषेत बोलतोय. घरी तो तुटक बोलत नसणार. राजा त्याच्या भाषेत एक शब्द तरी बोलतो का?”

राजा बोलत नाही. त्या प्रसंगात दोन भाषांपैकी एकच चालते आणि ती येण्याचा भार एकाच बाजूवर आहे. हे पाहायला सईद लागत नाहीत. शिकण्यासाठी पहिल्यांदा शाळेत गेलेल्या आणि घरची भाषा दाराबाहेर ठेवून आलेल्या मुलाला ते दिसते. पण सईदांचे पुस्तक वाचलेले असल्यामुळे तिला ते मांडता आले, हेही खरे. अनुभव आणि सिद्धांत यांत कोण वरचढ, हा वाद मला निरर्थक वाटतो. या प्रकरणात तरी दोघांनी एकमेकांचा हात धरलेला होता.

पुढची ओळ मोजणीची होती. शत्रूची संख्या मुखियाला कशी ठाऊक, अशी शंका राजाच्या बाजूने येते. त्यावर मुखिया सुनावतो की रानातली माणसे रानटी असतील, पण पोरे नाहीत. तो आकाशातले तारे, झाडांची पाने आणि अंधारातली माणसे मोजतो. मग तो राजाला राजाचीच फौज मोजून सांगतो : वीस वेळा वीस, ते दहा आणि पाच वेळा. बहुतेक वाचक हे रानटीपणाचे आणखी एक लक्षण म्हणून पुढे जातात. विद्यार्थिनीने वहीच्या समासात आकडेमोड केली : विसाचे वीस म्हणजे चारशे, चारशेचे पंधरा म्हणजे सहा हजार. फौज नेमकी तेवढीच आहे. तिची आजी विसाविसानेच मोजते, आणि आठवड्याच्या बाजारात तिला कोणी फसवू शकत नाही. जुन्या मराठी हिशेबांतही विसा आणि कोडी होत्याच. वर्णनकाराने मुखियाच्या अंगावर गवत चढवले असले तरी त्याच्या हिशेबात त्याने चूक ठेवलेली नाही. वर्णन एक सांगते आणि बेरीज दुसरेच सांगते. तिच्या दुसऱ्या मसुद्याचे पहिले पान या बेरजेने सुरू झाले.

एक क्रियापद, दोन घटना

राजा थेऑडन वाटाड्याला भरघोस बक्षीस आणि कायमची मैत्री देऊ करतो. मुखिया ते थंडपणे बाजूला सारतो. मेलेली माणसे जिवंतांना भेटी देत नसतात, असे सांगतो. जगलात वाचलात तर आम्हाला रानात सुखाने राहू द्या आणि जनावरासारखी आमची शिकार करणे थांबवा, एवढीच त्याची अट आहे. म्हणजे आजवर ती होत होती. रोहनच्या शूर, गीतप्रेमी, घोड्यांवर जीव लावणाऱ्या लोकांविषयी कथेने शेकडो पानांत जे सांगितले नाही, ते या एका अटीतून बाहेर पडते. राजा ‘तसे होईल’ म्हणतो.

युद्ध संपते. थेऑडन रणांगणावर पडलेला असतो. अ‍ॅरागॉर्न गॉन्डॉरचा राजा होतो आणि मिरवणुकीने उत्तरेकडे निघतो. वाटेत, त्या रानाजवळ, पुन्हा ढोल ऐकू येतात. माणूस एकही दिसत नाही. तुताऱ्या वाजतात आणि भालदार पुकारतात की राजा द्रुआदानचे अरण्य घान-बुरी-घान आणि त्याच्या लोकांना कायमचे देत आहे आणि यापुढे त्यांच्या परवानगीशिवाय कोणीही त्यात शिरू नये. ढोल मोठ्याने घुमतात आणि थांबतात.

“दिलं म्हणजे काय, सर? ते तिथंच तर होते,” हा तिचा प्रश्न. संपूर्ण लघुप्रबंध या प्रश्नाभोवती पुन्हा बांधला गेला.

प्रश्नाच्या मागे लागून ती दुसऱ्या खंडात मागे गेली. हेल्मच्या दरीतील लढाईत रोहनवर चाल करून आलेल्यांत डनलंडचे डोंगराळ लोक आहेत. ते इतके चिडून का लढतात, याचे कारण रोहनचाच एक म्हातारा शिपाई सांगतो : गॉन्डॉरच्या अधिपतींनी हा मुलूख रोहनचा पहिला राजा एओर्ल याला दिला, ही त्यांची तक्रार पाचशे वर्षे झाली तरी ते विसरलेले नाहीत, आणि सारुमान या शत्रूपक्षाच्या जादूगाराने तो जुना राग चेतवला आहे. परिशिष्टांतील कालपट पाहिला तर ते देणे तिसऱ्या युगाच्या २५१० व्या वर्षी झालेले आहे आणि लढाई ३०१९ मधली, म्हणजे शिपायाचा अंदाज अचूक आहे. गॉन्डॉरचा तेव्हाचा कारभारी किरिऑन याने एओर्लला तो प्रदेश दिला तो युद्धातील मदतीचे बक्षीस म्हणून. लढाईनंतर डनलंडच्या लोकांना मारले जात नाही. शस्त्र घेऊन नदी ओलांडणार नाही अशी शपथ देऊन त्यांना सोडण्यात येते, आणि रोहनचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात असे सारुमानने त्यांना सांगितले असल्यामुळे या वागणुकीने ते चकित होतात. त्यांना माफी मिळते. जमिनीचा विषय निघत नाही.

म्हणजे एकाच कथेत दोनदा ‘दिले’ येते. दोन्ही वेळा देणारे सिंहासन गॉन्डॉरचे आहे आणि दोन्ही वेळा कारण युद्धातील मदत हेच आहे. पहिल्या वेळी जी जमीन दिली तिच्यावर तिसऱ्याच कोणाचा तरी दावा होता आणि त्याला कोणी विचारले नाही. दुसऱ्या वेळी जी दिली ती घेणाऱ्याचीच होती. इंग्रजीत क्रियापद एकच आहे. मराठीत आणताना ते एकच राहीना, आणि माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे. पहिल्या ठिकाणी आपल्याकडचा वाचक सहज ‘इनाम दिले’ म्हणेल. लढाईतील चाकरीबद्दल मिळालेली जमीन म्हणजे इनाम, त्याची सनद होते आणि त्याखाली आधीपासून कसणारा असला तरी तो सनदेत दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी इनाम हा शब्द लावताच खोटा वाटतो. मग ‘बहाल केले’ हा शब्द तिने सुचवला. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थ पूर्वीच्या स्थितीत आणणे, होते तसे परत करणे असा आहे; आज आपण पदवी बहाल करतो, सन्मान बहाल करतो, म्हणजे वरून खाली देतो. राजाच्या पुकाऱ्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर चढून बसलेले आहेत. हक्क परत केला जात आहे आणि तो उपकार म्हणून ऐकवलाही जात आहे.

या टप्प्यावर मी तिला मार्सेल मोस यांचा भेटीवरचा, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध वाचायला दिला. मोस यांचे म्हणणे थोडक्यात असे की भेट ऐच्छिक दिसते, पण ती देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे ही तिन्ही बंधने असतात. भेट घेणारा देणाऱ्याशी बांधला जातो. त्या दृष्टीने पाहता मुखियाने बक्षीस नाकारण्याला वेगळाच अर्थ येतो. तो काही मागतच नाही. त्याची मागणी एका ‘न करण्या’ची आहे. शिकार करू नका, एवढेच. न करण्याची परतफेड करावी लागत नाही. वाट दाखवण्याचे ऋण रोहनच्या डोक्यावर होते. ते फेडण्याची वेळ आली तेव्हा ऋणको बदलला, ऋणाचे देणगीत रूपांतर झाले आणि पुकाऱ्यात शिकारीचा उल्लेखही उरला नाही. वाट दाखवणारा धनको होता. पुकारा संपेपर्यंत तो लाभार्थी झाला. ‘लाभार्थी’ हा शब्द तिचा. शासकीय फलकांवर तो रोज दिसतो, तरी मला सुचला नव्हता.

यानंतरच तिने वनहक्क कायद्याचा विषय काढला, तोही मी विचारल्याशिवाय. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या लांबलचक नावात ‘मान्यता’ हा शब्द आहे आणि तो अपघाताने आलेला नाही. वसाहतकाळात आणि स्वातंत्र्यानंतरही राज्याची वने एकत्रित करताना वननिवासींचे पूर्वापार हक्क नीट नोंदले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे हा कायदा आपल्या उद्देशिकेतच कबूल करतो. म्हणजे कायद्याच्या मते हक्क आधीच होता, फक्त कागदावर नव्हता. तरी तो सिद्ध करावा लागतो : १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, जास्तीत जास्त चार हेक्टर, ग्रामसभेपुढे दावा, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती. पुराव्यांत गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते, आणि तिच्या आजीने शेजाऱ्याच्या दाव्यासाठी असे निवेदन दिलेले आहे. ज्यांचा दावा मंजूर होत नाही ते नोंदीत अतिक्रमणधारकच राहतात. तिचे वडील ‘जमीन मिळायची आहे’ असे कधी म्हणत नाहीत, ‘नावावर लागायची आहे’ म्हणतात. हा फरक कायद्याच्या भाषेलाही कळतो, पण ती शेवटपर्यंत तो सांभाळू शकत नाही. एकाच कलमात ती हक्कांना मान्यताही देते आणि ते निहितही करते, म्हणजे त्यांच्या स्वाधीनही करते. शिवाय मराठीत मान्यतासुद्धा ‘द्यावी’च लागते, तिला दुसरे क्रियापद आपल्याकडे नाही.

हे सर्व प्रबंधात किती घ्यावे, यावर आमचे बरेच बोलणे झाले. अखेरीस कायद्याला दोन पाने मिळाली, वडिलांच्या दाव्याला एकही ओळ नाही. तो निर्णय तिचा होता. नंतर एकदा ती म्हणाली की वर्गात दाव्याविषयी ती पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलली, कारण बोलणे घान-बुरी-घानचे चालले होते.

आक्षेप

पहिला आक्षेप मलाच घ्यावा लागला. दुसऱ्या मसुद्यात तिने एक तक्ता केला होता : रोहन म्हणजे कंपनी सरकार, मुखिया म्हणजे भिल्ल नाईक. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला. डोंगरातले भिल्ल आवरेनात, म्हणून १८२५ मध्ये धरणगावला आउट्रम या कंपनीच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. माफी, शेतीसाठी जमीन आणि तगाई देऊन वसाहती वसवल्या. माफीची आणि देण्याची भाषा दोन्हीकडे ऐकू येते, हे नाकारता येणार नाही. पण तक्ता म्हटला की कथा रूपक होऊन बसते, आणि टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपककथेविषयी आपली नावड स्पष्ट नोंदवून लागू पडणे ही गोष्ट वाचकाच्या स्वातंत्र्यातली आहे, लेखकाच्या हुकमतीतली नाही, असा भेद केलेला आहे. तो भेद आमच्या कामाचा होता. तक्ता काढला आणि त्याजागी फरकाचा एक परिच्छेद आला : पलटणीत भिल्लांना गणवेश चढवून भिल्लांवरच पाठवले गेले, मुखिया मात्र राजाच्या लढाईत उतरायला सरळ नकार देतो, आम्ही लढत नाही, शिकार करतो, म्हणतो आणि वाट दाखवून रानात परततो. लेखक १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफाँटेनला जन्मला, याच्या आधारे लिहिलेली दोन पानेही काढली. तीन वर्षांचा असताना देश सोडलेल्या मुलाच्या माथी एवढा अर्थ मारणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप एका सहकाऱ्यांचा. ते यावलकडचे, नेमाडेंच्या सांगवीपासून जवळच्याच गावचे, आणि देशीवाद त्यांच्या बोलण्यात मुरलेला आहे. इंदल या आदिवासी उत्सवाच्या रात्री पहाटेपर्यंत गायले जाणारे गायणे या मुलीच्या घरात असताना तिने इंग्रजांची अद्भुतकथा का चिवडावी, असे त्यांनी विचारले. आक्षेप वजनदार आहे आणि मी त्याला पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. तिचे उत्तर व्यावहारिक होते : गायणे उतरवून घ्यायचे तर आधी पुजाऱ्याला आणि गावाला विचारावे लागेल, ते सत्राच्या मुदतीत बसत नाही. ‘परवानगीशिवाय कोणीही शिरू नये’ ही ओळ सहकाऱ्यांनी वाचलेली नव्हती. मी वाचलेली होती, म्हणून गप्प बसलो.

ढोलाचा प्रश्न तेवढा उरला. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा १९८८ चा निबंध वाचल्यावर दबलेला बोलू शकत नाही, असे लिहिण्याचा मोह तिला झाला होता. पण या कथेत तो बोलतो. ढोल हीच त्यांची दूरची बोली आहे, हे कथेने आधीच सांगून ठेवले आहे. होळीला डोंगरात ढोल घुमतो तेव्हा कोणत्या चालीवर यायचे आणि कोणत्या चालीवर थांबायचे, हे तिला कळते. पुकाऱ्यानंतर जो ढोल वाजला त्याचा अर्थ आभार होता, पोच होती की नुसते ‘ऐकले’ असे होते, हे राजाच्या मिरवणुकीतील कोणी विचारत नाही आणि निवेदकही सांगत नाही. भाषांतरात तिने त्या ओळीला एकही विशेषण लावले नाही. ‘ढोल मोठ्याने घुमले आणि थांबले.’

तोंडी परीक्षा

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध बारकाईने वाचला होता. बराच वेळ प्रॉपवर गेला. पहिले प्रकरण आता फ्रोडो आणि अ‍ॅरागॉर्न यांच्या फाटाफुटीवर होते आणि ते त्यांना आवडले. मग त्यांनी पुकाऱ्याच्या भाषांतरावर बोट ठेवले. तिथे तिने ‘राजा हे अरण्य बहाल करीत आहे’ असे लिहिले होते.

मुळात साधे ‘देतो’ आहे, ‘बहाल’ कुठून आणलेत, असे त्यांनी विचारले. तिने शब्दाचे दोन्ही अर्थ सांगितले आणि मधल्या पानांतील चर्चा दाखवली. परीक्षकांनी ती मान्य केली. मग ते म्हणाले की हा विचार वाचणाऱ्याचा आहे, राजाचा नाही, आणि राजाच्या तोंडी तो घातलात तर राजा जितका समजूतदार नाही तितका होतो. ती थोडा वेळ थांबली, “बरोबर आहे, सर,” म्हणाली, आणि तिथेच पेन्सिलीने ‘बहाल करीत आहे’ खोडून वर ‘देत आहे’ असे लिहिले.

बांधणी झालेल्या प्रतीत चर्चेच्या पानांवर ‘बहाल’ आहे आणि पुकाऱ्यात ‘देत आहे’.